नागरी आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण सेवा : कागदपत्रे नसलेल्या रुग्णाच्या बाजूने

नवी मुंबईतील महापालिकेच्या एका नागरी आरोग्य केंद्राविषयीचे हे मत मी मुद्दाम अशा रुग्णांच्या बाजूने लिहीत आहे, ज्यांच्याजवळ आधार कार्ड, शिधापत्रिका किंवा भाडेकरार यांपैकी काहीच नसते. आमच्या सोसायटीचे रखवालदार मूळचे नेपाळचे आहेत. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना येथे राहायला व्हिसा लागत नाही. पण येथील पत्त्याचा एकही पुरावा त्यांच्याकडे नाही. त्यांची पत्नी गरोदर असल्याने तपासणीसाठी मी तिच्यासोबत जात असे.

केस पेपरच्या खिडकीवर आधार मागितले गेले, परंतु नाही म्हटल्यावर "असू दे, नाव, वय आणि मोबाईल नंबर सांगा," एवढ्यावर काम झाले. आत परिचारिकेने वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासले, लोहाच्या गोळ्या दिल्या, धनुर्वाताची लस टोचली आणि माता-बाल संरक्षण कार्ड भरून हातात देताना बजावले, "ताई, हे जपून ठेवा, गावी गेलात तरी तिथल्या दवाखान्यात दाखवा." तिच्या बोलण्यात उपकाराची छटा नव्हती, आणि या सेवेतील मला सर्वाधिक मोलाची वाटलेली गोष्ट तीच आहे. गर्दी मात्र फार असते आणि बसायला बाके अपुरी पडतात.

खरी अडचण पुढच्या पायरीवर आली. सोनोग्राफीसाठी ज्या मोठ्या रुग्णालयात पाठवले, तेथील नोंदणी खिडकीवर आधारशिवाय नोंद होणार नाही असे सांगून तिला परत पाठवण्यात आले. वस्तुतः २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी संस्थेत गरोदर स्त्रीला तपासण्या, औषधे आणि प्रसूती मोफत मिळायला हवी. केंद्रातील डॉक्टरांनी स्वतः फोन केला तेव्हा कुठे तपासणी झाली. ज्या बाईसाठी कोणी फोन करणार नाही, ती दुसऱ्यांदा त्या खिडकीकडे जाईल असे मला वाटत नाही.

गरोदर स्त्रियांना रोख मदत देणाऱ्या मातृवंदना योजनेची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते, हे समजण्यासारखे आहे. पैसा योग्य माणसाला मिळाला याची खातरजमा सरकारला करावीच लागते. रक्तदाब मोजण्यासाठी मात्र ओळखपत्राची गरज नाही. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब बाईला अनेकदा जाणवतही नाही, नेहमीच्या तपासणीतच तो सापडतो, आणि न सापडल्यास झटके येऊन आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. क्षयरोगाचेही तसेच आहे : औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, पण कागद विचारतील या भीतीने खोकणारा कामगार खोलीतच राहिला, तर त्याच खोलीत झोपणाऱ्या इतरांनाही संसर्ग होतो. पोलिसांनी परदेशी नागरिकांची कागदपत्रे तपासावीत, ते त्यांचे काम आहे. ती तपासणी दवाखान्याच्या दारात होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अरुणाचलातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले आहे की, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चे, म्हणजे जीविताच्या हक्काचे, संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही मिळते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यामुळे तातडीच्या विभागात आलेल्या कोणालाही तपासून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते, परंतु मधुमेहाच्या रोजच्या औषधाची हमी त्या कायद्यात नाही. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२४ पासून सर्व वयाच्या, अल्प उत्पन्नाच्या विनाकागद स्थलांतरितांना आपल्या सार्वजनिक योजनेत पूर्ण सेवा खुली केली आणि खर्चाच्या ताणामुळे जानेवारी २०२६ पासून प्रौढांची नवी नोंदणी थांबवली. खर्चाचा मुद्दा खोटा नाही. मात्र गोळ्या आणि लस यांवर होणारा खर्च अतिदक्षता विभागातील खाटेच्या तुलनेत किरकोळ असतो, आणि ती खाट अखेर सरकारी रुग्णालयालाच द्यावी लागते.

या केंद्राची शिफारस मी निःशंकपणे करते. कागद नसलेल्या कोणाला तपासणीसाठी न्यायचे असल्यास सकाळी लवकर जावे, आधीचे केस पेपर सोबत ठेवावेत, आणि पुढे पाठवले गेल्यास डॉक्टरांकडून संदर्भचिठ्ठी सही-शिक्क्यासह घ्यावी. महापालिकेने प्रत्येक नोंदणी खिडकीवर, मोठ्या रुग्णालयांतही, मराठी आणि हिंदीत "आधार नसले तरी तपासणी होईल" असा फलक लावावा, अशी मागणी मी लेखी दिली आहे.