एच६१० बोर्डवर तीन पंखे: डिसेंबर ते जूनचा अनुभव

सेटअप असा: आय५-१२४०० प्रोसेसर, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर) उष्णता काढणारा हीटसिंक नसलेला एच६१० मायक्रो-एटीएक्स बोर्ड, टॉवर कूलर, पुढे काच असलेलं कॅबिनेट. त्यात १२० मिमीचे तीन पीडब्ल्यूएम (चार पिनांचे, बोर्डाच्या सिग्नलवर वेग बदलणारे) पंखे बसवले. दोन पुढे, हवा आत घेणारे. एक मागे, बाहेर फेकणारा. जागा नाशिकमधल्या सातपूरची, गच्चीखालची खोली, म्हणजे एप्रिलमध्ये संध्याकाळी सातलाही स्लॅब तापलेलाच.

बोर्ड तापतोय म्हणून पंखे घ्यायला धावण्याआधी एचडब्ल्यूइन्फोमध्ये (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) नेमका कुठला आकडा चढतोय ते बघा. 'मदरबोर्ड' किंवा 'सिस्टिम' हा बोर्डावरच्या एखाद्या कोपऱ्यातला सेन्सर असतो, 'पीसीएच' म्हणजे चिपसेट, 'मॉस' म्हणजे सॉकेटशेजारचा वीजपुरवठ्याचा भाग, म्हणजेच व्हीआरएम. 'ऑक्सटिन' नावाखाली लोड असो-नसो १२७ अंश दिसत असेल तर घाबरू नका, त्या पिनेला बहुधा काही जोडलेलंच नाही.

इथे चढत होता मॉस. खोलीत २३ अंश असताना ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या अर्ध्या तासाच्या रेंडरनंतर ८४. कारण गमतीचं आहे: प्रोसेसरसोबत येणारा बुटका कूलर हवा खाली बोर्डावर सोडतो, त्यात व्हीआरएमला फुकटात वारा मिळतो. टॉवर कूलर ती हवा आडवी मागे नेतो. प्रोसेसर गार होतो आणि मॉस उघडा पडतो.

आधी साइड पॅनल काढून तोच रेंडर परत लावा. मॉस आठ-दहा अंशांनी उतरला तर दोष हवेच्या वाटेत आहे, पंखे उपयोगी पडतील. जेमतेम दोन उतरला तर पंख्यांवर पैसे घालू नका. पॉवर लिमिट तपासा, आणि व्हीआरएमवर हीटसिंक असेल तर त्याचे स्क्रू आणि थर्मल पॅडही.

पंखे लावल्यावर त्याच २३ अंशांच्या खोलीत मॉस ६९ वर आला. एप्रिलमध्ये खोली ३६ झाली तेव्हा ८२. म्हणजे खोलीपेक्षा ४६ अंश जास्त, दोन्ही वेळेला. म्हणून खोलीचं तापमान सोबत लिहून ठेवा, नाहीतर जानेवारीतल्या थंडीचं श्रेय पंख्यांना जातं.

बसवताना दोन चुका हमखास होतात. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे पंखे उलटे बसले तर तिन्ही पंखे हवा बाहेरच ओढतात आणि धूळ प्रत्येक फटीतून आत येते. दुसरी बायोसमधली. केस पंख्यांचा कर्व्ह (किती तापमानाला किती वेग) बऱ्याचदा मुळात सीपीयूच्या तापमानावर असतो. ब्राउझरचा टॅब उघडला की पंखे गुरगुरतात, पुन्हा गप्प. सोर्स बदलून मॉस ठेवा: ५० अंशांपर्यंत ४० टक्के, ६५ ला ७० टक्के, ७५ च्या पुढे पूर्ण. पंखा तीन पिनांचा असेल तर हेडर (बोर्डावरचं पंख्याचं कनेक्शन) डीसी मोडवर टाका, पीडब्ल्यूएमवर तो सतत पूर्ण वेगाने फिरतो. एका हेडरला अनेक पंखे जोडणारा स्प्लिटर चालतो, फक्त हेडरची मर्यादा साधारण १ अँपिअर असते. पंख्यांवर छापलेले अँपिअर बेरीज करून बघा.

सर्वात स्वस्त फरक मात्र बायोसमध्येच मिळाला. या प्रोसेसरची बेस पॉवर ६५ वॅट, टर्बोची ११७. बोर्डाने पीएल१ (सलग लोडवरची वॅटची मर्यादा) मोकळा सोडला होता, तो ६५ वर आणला. एप्रिलच्या त्याच खोलीत मॉस ८२ वरून ७६, रेंडरला थोडाच वेळ जास्त. व्हीआरएममधली उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, त्यामुळे शेवटचे दहा वॅट कापले की फायदा मोठा दिसतो.

आता तक्रारी. पुढच्या काचेमागे बोटभरच फट आहे. काच काढली की मॉस आणखी ५ अंश उतरतो, म्हणजे पंख्यांचा पाव दम कॅबिनेटच गिळतं. मार्च ते मे फिल्टर दर पंधरा दिवसांनी काढावा लागला. तीन आठवडे तसाच ठेवला तेव्हा मॉस ४ अंशांनी चढला होता. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी भन्नाट फिरू दिली तर बेअरिंग खराब होतं. जूनमध्ये फिल्टर धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. दमट हवेत रात्रभर पंख्याखाली ठेवावा लागतो.

मागचा पंखा पाचव्या महिन्यापासून कमी वेगावर टिकटिक करतो. ४० ऐवजी ५० टक्क्यांवर ठेवला की आवाज बंद होतो. चिपसेटचा आकडा तर जवळपास हललाच नाही, कारण तो ग्राफिक्स कार्डाखाली दबलेला आहे आणि पुढची हवा तिथवर पोचतच नाही.