बर्फातलं हरीण अन् माझे २७ हजार

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची आठ एकर आहे, निम्मी केळी अन् बाकी मका-हरभरा. ज्याचं शेत डोंगराच्या अंगाला आहे त्याला रोही, म्हणजे नीलगाय, काय चीज असते ते सांगायची गरज नाही. हरभरा घाट्यावर आला की रात्री पंधरा-वीस रोही उतरतात, खातात कमी अन् तुडवतात जास्त, बुजगावणं झालं, डबे वाजवले, सुतळी बॉम्ब लावले, चार दिवस पळतात अन् पाचव्या दिवशी बॉम्ब फुटला तरी नुसती मान वर करून बघतात. अशाच वैतागात रात्री मळ्यात मोबाईल घेऊन बसलो होतो तेव्हा एका बंदुकीच्या जाहिरातीची व्हिडिओ समोर आली.

मोठ्या शिंगांचं हरीण उभं, एक जण स्कोपमधून, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीतून, नेम धरतो, ठप्प, हरीण जागेवर आडवं. वरून हिंदीत आवाज, लायसन्स की जरूरत नहीं, हिरन सूअर नीलगाय, सब एक गोली में. साडेपाच एमएमची एअर रायफल, १४ ग्रेनचा (एक ग्रॅमही भरत नाही) छर्रा, स्पीड १२०० फूट पर सेकंद, स्कोप फ्री. आता खरं सांगायचं तर त्या हरणाच्या पायाखाली बर्फ होता. बर्फ! आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या खाली यायला तयार नसतो. पण तेव्हा मला ते दिसलंच नाही.

फोन लावला तर माणूस मराठी बोलणारा, गोड. जनावर कोणतं, किती लांबून मारणार, रात्री की पहाटे, डॉक्टर विचारतो तसं सगळं विचारलं. मी म्हटलं ३१५ ची रायफल बरी का बारा बोर, तर म्हणे दादा त्याला लायसन्स, कलेक्टर ऑफिसच्या चकरा, हे नवीन तंत्र आहे. ५,००० बुकिंगचे, १८,५०० माल पाठवायच्या आधी, अन् माल निघाल्यावर 'वनखात्याची एनओसी' म्हणून ३,५००. गोल शिक्क्याचा फोटो पण पाठवला, शिक्क्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

खोकं आलं. हातात धरली तेव्हाच हलकी वाटली. जुन्या लिंबाच्या फळीवर तीस पावलांवरून झाडली तर छर्रा अर्धाच रुतला, शेपूट बाहेर, मी तो नखाने काढला, नाक चपटं झालेलं. शेजारचे बुढे काका बांधावरून बघत होते, म्हणे, "हाई काय लई उना रे भाऊ, चिड्या उडावाले?"

भाचा टेक्सासला असतो, तिकडे सीझनमध्ये लायसन्स काढून हरणाच्या शिकारीला जातो. त्याला फोटो टाकला तर अर्धा मिनिट हसलाच. मग म्हणाला, मामा, वजन ग्रेनमध्ये घ्या, त्याला स्पीडच्या वर्गाने गुणा, अन् ४,५०,२४० ने भागा, फूट-पाउंडात ताकद येते. अशा स्प्रिंगच्या बंदुकीला फार तर ६०० स्पीड धरा, म्हणजे १४ ग्रेनला ११ फूट-पाउंड. अन् हरणासाठी? त्यांच्याकडचा जुना अंदाज म्हणजे गोळी हरणाला लागताना तरी १,००० पाहिजे. हरणाच्या रायफलीची २४३ विनचेस्टर गोळी नळीतून निघताना १,९०० च्या आसपास असते, ३०८ तर २,६०० च्या वर, अन् गोळी पण आत गेल्यावर फुलणारी, नाहीतर जनावर जखमी होऊन पळतं अन् कुठेतरी झुडपात तडफडून मरतं. इंग्लंडात तर कायद्यातच लिहिलंय म्हणे, मोठ्या हरणाला ०.२४० इंचाच्या खालचं कॅलिबर, म्हणजे नळीचं माप, नाही अन् १,७०० च्या खाली ताकद नाही. अन् रोही? ती टेक्सासमध्येही आहेत, तिथल्या रँचवाल्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी सोडलेली, तर तिकडचे लोक त्यांच्यासाठी ३०० मॅग्नमसारखी दणकट रायफल काढतात, कारण नर दोनशे किलोच्या वर भरतो. मी त्याच्यावर ११ फूट-पाउंड घेऊन निघालो होतो. अन् ती व्हिडिओतली रायफल तर छर्ऱ्याची नव्हतीच, खऱ्या गोळीची होती, भाच्याने बोल्ट (गोळी भरायचा दांडा) बघूनच ओळखलं.

इथपर्यंत नुसतं हसू झालं असतं. पण खरा फास पुढे होता. महिनाभराने फोन आला, 'सायबर ऑफिसमधून बोलतोय, तुमच्या नावावर बिना लायसन्सच्या हत्याराची डिलिव्हरी आहे, मिटवायचं असेल तर २५,००० पाठवा.' हातपाय गार पडले. बायको म्हणाली आधी वकिलाला विचारा. वकिलाने सांगितलं ते ऐकून तर चाटच पडलो, एअरगनची नळी ४.५ एमएमच्या वर असली किंवा ताकद २० ज्यूलच्या वर असली की लायसन्स लागतं. म्हणजे साडेपाच एमएम ही गोष्टच लायसन्सची. अन् जाहिरातीतले १२०० खरे धरले तर ६० ज्यूल होतात, ते वेगळंच. म्हणजे बंदूक विकणारा गडीच आधी फोनवर ज्याला 'बिना लायसन्स' म्हणत होता त्याच गोष्टीची भीती घालून पुन्हा पैसे मागत होता. गिऱ्हाईक तक्रार करणार नाही हे त्याला पक्कं माहीत, कारण गिऱ्हाइकाच्याच घरात माल पडलेला.

अन् हरणाची शिकार तर १९७२ च्या कायद्याने बंदच आहे, कोणतीही रायफल असो. रोही-डुकराचं पिकाचं नुकसान असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, अन् ती व्हॉट्सअॅपवर ३,५०० ला मिळत नाही. खरा दुकानदार आधी तुमचं लायसन्स हातात घेतो, बंदूक अन् काडतुसं त्यावर चढवतो, मगच माल देतो.

वकिलाला सोबत घेऊन ठाण्यात अर्ज दिला, बंदूक जमा केली, पावती घेतली. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३०, त्याला पण फोन केला, पण मी महिन्याने केला, तेवढ्यात पैसे चार खाती फिरून गेलेले. पहिल्याच दिवशी केला असता तर काही अडकले असते कदाचित, पण पहिल्या दिवशी मी फळीवर छर्रे मारत होतो.

आता कुंपणाच्या तारेत हलका करंट सोडणारं झटका मशीन लावलंय. रोही माझ्याकडून वळून शेजारच्याच्या हरभऱ्यात जातात म्हणून तो बोलत नाही माझ्याशी. परवा मात्र त्याचा पोरगा आला, म्हणे काका एक एअर रायफल बघितली, लायसन्स लागत नाही. म्हटलं व्हिडिओ दाखव.

बर्फ होताच.