आमच्या घरात नसलेली चौथी बेडरूम

खोल्यांमधल्या रेडिएटरमध्ये गरम पाणी सोडून घर तापवणारा बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने आत आणणारं यंत्र, बसवला याचा पश्चात्ताप नाही. ज्याच्याकडून बसवून घेतला, त्याचा आहे.

माणूस बोलायला गोड. वीस मिनिटं घरभर फिरला, बॉयलरवरची पट्टी वाचली, फोटो काढला, झालं. खिशातून मोजपट्टी एकदाही निघाली नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. "आहेत तेच रेडिएटर चालतील. एक युनिट विजेत साडेचार युनिट उष्णता! बिल बघून तुम्हीच मला फोन कराल." फोन मी केला, तो बंद होता, ते पुढचं.

गंमत म्हणजे 4.5 हा आकडा खोटा नव्हता. माहितीपत्रकात त्याच्याखाली बारीक अक्षरांत अट होती: बाहेर 7 अंश, आणि यंत्रातून निघणारं पाणी 35 अंश. पाणी याहून गरम हवं, तर त्याच विजेत उष्णता कमी मिळते. आमचे रेडिएटर बॉयलरच्या जमान्यातले, 70 अंशांच्या पाण्यावर खोली तापवणारे. त्यांत सरासरी 45 अंशांचं पाणी सोडलं, तरी ते पूर्वीच्या साधारण 40 टक्केच उष्णता देतात. 35 ला तर हात लावून कळणारही नाही.

काम उन्हाळ्यात झालं. यंत्र सुरू झालं, पंखा फिरला, 'काम समाधानकारक' या कागदावर मी सही केली आणि पूर्ण पैसे दिले. उन्हाळ्यात घर गरमच असतं हो!

थंडी पडली आणि खोल्या तापेनात. त्याचा कारागीर आला, पॅनेलवर चार बटणं दाबली, घर उबदार झालं. मी खूश. बिल आलं तेव्हा उलगडा झाला. त्याने पाण्याचं तापमान 60 वर नेलं होतं आणि आतला राखीव विजेचा हीटर कायमचा चालू ठेवला होता. हा हीटर म्हणजे गिझरमधली कॉइल. एक युनिट घेतो, एकच युनिट देतो. कडाक्याच्या थंडीपुरता असतो तो. आमच्याकडे दिवसरात्र तोच राबत होता.

मग मी उष्णतेच्या गळतीचा खोलीवार हिशेब मागितला. भिंती, खिडक्या, छत मोजून हा आधी करायचा असतो, त्यावरच यंत्राचा आणि रेडिएटरचा आकार ठरतो. बऱ्याच तगाद्यानंतर कागद आला. छान छापील, वर आमचा पत्ता, खाली चार बेडरूम. आमच्या घरात दोन आहेत. कुणाच्या तरी घराचा हिशेब आमच्या नावावर खपवला होता.

शेवटी दुसरा तंत्रज्ञ बोलावला. तो आल्या आल्या मोजपट्टी घेऊन खिडकीपाशी बसला. तीन रेडिएटर मोठे करावे लागले, पाणी 45 वर आणलं, राखीव हीटर बंद केला. यंत्र तेच आहे, आणि आता घर तापतं. पहिल्याकडून एक पैसाही परत मिळालेला नाही, कारण माझी सही त्याच्याकडे आहे. थंडीत यंत्र नीट चाललेलं पाहीपर्यंत शेवटचा हप्ता रोखून धरायचं मला सुचलंच नव्हतं.