किडे खाणारी झाडं घेऊन नऊ महिने झाले, खरं काय ते सांगते

गेल्या जूनमध्ये तीन झाडं ऑनलाइन मागवली, एक व्हीनस फ्लायट्रॅप, एक ड्रोसेरा (पानांवर चिकट केस असतात ते, आपला दवबिंदू त्याच कुळातला) आणि एक घटपर्णी म्हणजे नेपेंथिस, व्हेंट्राटा जातीची. तिन्ही मिळून सोळाशेच्या आसपास गेले. पुण्यात पूर्वेकडची बाल्कनी आहे. तिन्ही अजून जिवंत आहेत, पण फ्लायट्रॅप मरता मरता वाचलंय आणि चूक माझीच होती.

आधी एक सांगते, डास कमी होतील म्हणून घेणार असाल तर राहू द्या. आमच्याकडे संध्याकाळी कॉइल अजूनही लागतेच.

आता चूक. विकणाऱ्याने सोबत कोकोपीट-शेणखताचं मिक्स पाठवलेलं, मीही शहाणीसारखी त्यातच लावलं आणि नळाचं पाणी घालत बसले, दुसऱ्या महिन्यात पानं कडेने काळी पडायला लागली तर मला वाटलं उपाशी असेल बिचारं, म्हणून मेलेल्या माश्या भरवल्या. मग अडीचशे रुपयांचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, आणला. ज्या आठवड्यात सोसायटीत टँकर येतो तेव्हा नळाला ४६०, आणि आपल्या आरओचं पाणीसुद्धा ९५ निघालं, कारण चवीसाठी तो परत क्षार मिसळतो. या झाडांना ५० च्या खाली लागतं. पावसाचं पाणी मोजलं तर ११! त्या दिवसापासून गच्चीच्या पन्हाळीखाली बादल्या, आणि वीस लिटरचे सहा कॅन भरून ठेवले. माती फेकली, पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे), बाकी काही नाही.

सप्टेंबरमध्ये कासला गेलो तेव्हा तर लाजच वाटली. सड्यावर खडकावर जेमतेम बोटभर माती, पाणी झिरपतंय, आणि त्यात सीतेची आसवं नि दवबिंदू मस्त वाढलेत (दोन्ही कीटकभक्षीच बरं का). तिथे कोण जातंय शेणखत घालायला. मातीत नत्र नाही म्हणून तर किडे धरतात ना ती!

ड्रोसेरा माझा सगळ्यात लाडका. भाजीवरची चिलटं यालाच चिकटतात. एकदा रात्री चिकटलेलं चिलट बघितलं, सकाळी पानाचे लाल केस त्याच्यावर वाकलेले आणि पान टोकाकडून गुंडाळलेलं, कानवल्याला मुरड घालतो तसं.

फ्लायट्रॅपचं सांगायचं तर त्याच्या पानाच्या टोकाला जबड्यासारखा ट्रॅप असतो, आतल्या केसांना वीसेक सेकंदांत दोनदा धक्का लागला की मिटतो. भाच्याने पेन्सिलने एका दुपारी सगळेच मिटवले, त्यातले दोन परत उघडलेच नाहीत. मिटल्यावरही आत वळवळ जाणवली नाही तर तो पचवायला घेत नाही, एकदोन दिवसात उघडून मोकळा. माझ्या मेलेल्या माश्या म्हणूनच तशाच पडून राहायच्या. सासूबाईंनी प्रेमाने पनीरचा तुकडा दिला, तो ट्रॅप सडून गेला, आता त्या फक्त बघतात.

घटपर्णी हँगिंगमध्ये आहे, हिच्याखाली पाण्याचा ट्रे नको, बाकी दोघांना हवाच. पावसाळ्यात पानांच्या टोकाला सात सुरया (किडे पडतात ते घट) आल्या, हवा कोरडी झाल्यापासून नुसती पानं. जुनी सुरई कापून बघितली, आत मुंग्यांचा काळा काढा आणि झुरळाचा एक पाय. वास विचारू नका.

डिसेंबरात फ्लायट्रॅप पार आक्रसला, टाकूनच देणार होते, पण त्याला थंडीची झोप लागते म्हणे, उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनातलं झाड ते. फेब्रुवारीत मधोमध बारीक हिरवे कोंब दिसले. आता फुलाचा दांडा आलाय, झाड अजून अशक्त आहे म्हणून परवा कापला आणि मॉसमध्ये खोचून ठेवलाय, कधीकधी त्यालाच पिल्लं फुटतात.

उन्हाळा अजून बघायचाय. हिरवी नेट आणलीय. दोनच कॅन उरलेत आणि पावसाला अजून अडीच महिने, त्यामुळे कुणाकडे डिस्टिल्ड वॉटर स्वस्तात मिळत असेल तर सांगा.