‘कॉम्प्युट्स गॅझेट’, जानेवारी १९८४ : आकड्यांत छापलेला वर्ड प्रोसेसर

हा अंक विकत घ्यावा का? नको. इंटरनेट अर्काइव्हवरचा स्कॅन पुरेसा आहे. कागदी अंक परदेशातून मागवायचा म्हणजे टपालखर्च वेगळा, आणि खानापूर-जांबोटीकडच्या पावसात चाळीस वर्षांच्या कागदाला बुरशी धरायला एक श्रावण पुरतो.

अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोहून निघणारं हे मासिक फक्त कमोडोर ६४ आणि व्हिक-२० हे घरगुती संगणक वापरणाऱ्यांसाठी होतं. आपल्याकडे १९८४ साली ‘क्लास’ या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पातून शाळांत आला तो बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक, त्यामुळे कमोडोर इथे बहुतेकांनी पाहिलेलाच नाही. जाहिराती मजेशीर आहेत, बाकीची पानं चाळली तरी चालेल. अंकातला खरा माल म्हणजे चार्ल्स ब्रॅनन यांचा ‘स्पीडस्क्रिप्ट’. सुमारे ५ केबीचा हा वर्ड प्रोसेसर मशीन लँग्वेजमध्ये, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आकड्यांत लिहिलेला आहे आणि वाचकांच्या हाती पडला तो छापील आकड्यांच्या रूपात. वाचकाने ते आकडे स्वतः टाइप करून घ्यायचे.

हे आकडे भरून घेतो ‘एमएलएक्स’ नावाचा, बेसिक या संगणकभाषेतला छोटा प्रोग्रॅम. कमोडोर ६४ साठीची एक ओळ अशी दिसते:

२०४९: ०११, ००८, ०१०, ०००, १५८, ०५०, २३८

२०४९ हा मेमरीतला पत्ता. पुढचे सहा आकडे म्हणजे प्रत्यक्ष बाइट: ११ आणि ८ मिळून बेसिकच्या पुढच्या ओळीचा पत्ता (८ × २५६ + ११ = २०५९), १० आणि ० हा ओळक्रमांक, १५८ म्हणजे ‘एसवायएस’ ही आज्ञा, ५० म्हणजे ‘२’ हे अक्षर. शेवटचा २३८ हा ताळा. २०४९ ला २५६ ने भागून बाकी १ उरते, तीत सहा बाइट मिळवले की २३८. बेरीज २५५ च्या वर गेली तर २५६ वजा करत जायचं. पत्ताही बेरजेत धरल्यामुळे नजर चुकून खालची ओळ टाइप केली तर ताळा जमत नाही आणि मशीन तीच ओळ पुन्हा मागतं. १९८४ च्या मानाने फार विचारपूर्वक केलेली सोय आहे ही.

पण साध्या बेरजेला क्रम कळत नाही. किराणा दुकानदाराने तूरडाळ आधी लिहिली काय नि साखर आधी लिहिली काय, बिल तेवढंच होतं. तसंच ०११, ००८ ऐवजी ००८, ०११ टाइप केलं तरी एमएलएक्स खुशाल पुढची ओळ मागतो. सगळे ताळे जमूनही प्रोग्रॅम चालू होताच अडकत असेल, तर पहिला संशय अशा उलटापालटीवर घ्यावा. १९८५ च्या अखेरीस आलेल्या नव्या एमएलएक्समध्ये ही फट बुजवली, पण या अंकाला त्याचा उपयोग नाही.

करून बघणाऱ्यांनी क्रम पाळावा. आधी ‘ऑटोमॅटिक प्रूफरीडर’ (टाइप केलेल्या बेसिक ओळी तपासणारा छोटा प्रोग्रॅम), त्याच्या मदतीने एमएलएक्स, मग स्पीडस्क्रिप्ट. एमएलएक्समध्येच चूक राहिली तर पुढची साडेआठशेच्या आसपास ओळींची मेहनत पाण्यात जाते. बेसिक ओळींच्या शेवटी छापलेले ‘रेम’ आणि आकडा हे ताळ्यासाठी आहेत, ते टाइप करायचे नाहीत. प्रूफरीडर कॅसेट बफरमध्ये, म्हणजे टेपच्या कामासाठी राखलेल्या मेमरीत बसतो, म्हणून टेपवर सेव्ह-लोड केलं की तो पुसला जातो.

स्कॅनमध्ये ३ आणि ८ सारखे दिसतात. ओळ नाकारली गेली तर कागदावर बेरीज करून फरक काढा: ५ आला तर एकम स्थानी, ५० आला तर दहम स्थानी ३-८ ची गफलत असण्याची शक्यता जास्त. आकड्यांची पानं बेळगावात कॉलेज रोडवरच्या एखाद्या झेरॉक्सवाल्याकडून १४१ टक्के मोठी करून ए३ वर घेतली की हा त्रास बराच कमी होतो.

काम ‘व्हाइस’ एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकावर कमोडोरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर करावं. अधूनमधून एमएलएक्समधून शिफ्ट-एस दाबून सेव्ह करत जावं. निपाणी-चिकोडीकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि रॅममधलं काही उरत नाही.

स्पीडस्क्रिप्टवर मराठी लिहिता येईल, ही आशा मात्र नको. ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटीत इंग्रजी अक्षर नीट बसतं, वेलांटी-उकारासकट जोडाक्षर बसत नाही.

आणि कुणाला खरा कमोडोरच मिळाला, तर अमेरिकन अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टवर लावू नका. २३० व्होल्टचा जुना मूळ अडॅप्टरही मीटरने तपासल्याशिवाय जोडू नये. तो बिघडला की ५ व्होल्टच्या तारेवर जास्त दाब येतो आणि आधी रॅमच्या चिप जळतात.