खाण्यासाठी जायचं तर सिंगापूर की पेनांग?

सुट्टी मोजकी आहे, मॉल आणि राईड्समध्ये जीव रमत नाही, जायचंय ते फक्त ठेल्यांवर खायला, अशांसाठी हे लिहितोय. सिंगापूर आणि मलेशियातलं पेनांग बेट, दोन्हीकडे मी भरपूर खाल्लंय आणि पुन्हा जायची वेळ आली तेव्हा दोनातलं एकच निवडणं भाग होतं. खाऊ घालणारी माणसं दोन्हीकडे मुळात तीच आहेत, दक्षिण चीनमधून आलेली कुटुंबं, मलय आणि तमिळ. पदार्थांची नावंही बरीचशी तीच. त्यामुळे यादी समोर ठेवून निवड होत नाही.

सिंगापूरचं कौतुक आधी करतो, कारण ते खोटं नाही. 1971 ते 1986 या काळात तिथल्या सरकारनं रस्त्यावरचे विक्रेते एकेक करून छपराखाली नेले, त्यांना नळ, गटारं आणि ओटे दिले. (आपल्याकडच्या फेरीवाला धोरणावर मी इथे काही बोलत नाही.) डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोनं या हॉकर म्हणजे फेरीवाल्यांच्या संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. अशी छपराखालची शंभराहून जास्त हॉकर सेंटर आहेत, कुठलंही पकडा, फार फसगत होत नाही. चिकन राईस तर तिथेच खावा. कोंबडीच्या रश्शात शिजलेला भात, वर बेताची उकडलेली कोंबडी आणि मिरची-आल्याची झणझणीत चटणी, बस. दिसायला अगदीच आजाऱ्याचं जेवण, पण दुसऱ्या दिवशी आठवण येते. संध्याकाळी लाऊ पा सात या सेंटरच्या बाजूची बून टॅट स्ट्रीट वाहनांना बंद होते आणि रस्त्यावरच टेबलं टाकून कोळशावरचं साते, म्हणजे काडीला लावून भाजलेलं मांस, मिळतं. पर्यटकी आहे खरं, तरी मला आवडलं.

शाकाहारी असाल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, सिंगापूरला जा. लिटल इंडियात तेक्का सेंटर आहे, सेरंगून रोडवर 1947 पासूनचं कोमला विलास हे शाकाहारी हॉटेल आहे, आणि बऱ्याच सेंटरमध्ये एखादा चिनी शाकाहारी ठेलाही सापडतो. पेनांगच्या नावाजलेल्या पदार्थांत डुकराची चरबी, कोलंबीची पेस्ट किंवा मासळी अशी मिसळलेली असते की बाजूला काढून खाणं शक्यच नाही.

मग माझं अडलं कुठे? बसण्यात.

सिंगापुरात टेबल अडवायची रीत आहे. टिशूचं पाकीट, छत्री किंवा ऑफिसचं ओळखपत्र टेबलावर ठेवायचं आणि रांगेला निघून जायचं. ते पाकीट कोणी हलवत नाही, आणि त्याबद्दल त्या लोकांना मानलंच पाहिजे. पण आपण नवखे. ऑफिसांच्या भागातल्या एका सेंटरमध्ये भर दुपारी मी गरम लक्साचा ट्रे हातात घेऊन फिरत होतो आणि रिकाम्या दिसणाऱ्या प्रत्येक टेबलावर एक टिशूचं पाकीट माझ्याकडे बघत होतं. लक्सा म्हणजे काठोकाठ भरलेला नारळाच्या दुधाचा रस्सा, तो घेऊन फार फेऱ्या मारता येत नाहीत. शेवटी जागा मिळाली तर लग्नातल्या दुसऱ्या पंक्तीसारखी माणसं खुर्चीमागे येऊन उभी. कोणी काही बोलत नाही, फक्त तुमच्या वाटीत किती उरलंय ते बघतात.

दोघं असलात तर एकानं जागा धरायची, दुसऱ्यानं रांग लावायची. तो आला की पहिला जाणार. मी परत येईपर्यंत बायकोच्या नूडल्स गार झालेल्या असायच्या, किंवा तिचं खाऊन झालेलं असायचं. खाऊन झालं की ट्रे उचलून रॅकवर ठेवायचा, हलालचा रॅक वेगळा. सप्टेंबर 2021 पासून हे न करणाऱ्यावर कारवाई होते. नियम चांगला आहे, टेबलं स्वच्छ राहतात. पण उठलात की जागा गेली, म्हणजे जेवणानंतर कोपी (तिथली कॉफी) घेऊन रेंगाळण्याची सोय संपली. अकराच्या आत किंवा तीननंतर गेलात तर यातला बराच त्रास होत नाही, हेही सांगायला हवं. पण घड्याळ बघून भूक लागायला मी काही तिथे नोकरीला नव्हतो.

पेनांगमध्ये, म्हणजे तिथल्या जॉर्ज टाउन या मुख्य शहरात, क्रम उलटा आहे. आधी बसायचं. कोपीटियामचा, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानाचा, मालक टेबलं मांडतो आणि पेयं विकतो, त्याच्या दारात चार-पाच ठेलेवाले आपापला पदार्थ करतात. तुम्ही ठेल्यावर जाऊन काय हवं ते आणि टेबल कुठलं ते सांगायचं, परत येऊन बसायचं. पदार्थ टेबलावर येतो तेव्हा पैसे द्यायचे. प्रत्येकानं निदान एक पेय घ्यावं ही अपेक्षा असते, काही ठिकाणी नाही घेतलंत तर थोडे पैसे लावतात. मला ते रास्त वाटतं, तेच त्या जागेचं भाडं. वेगवेगळ्या ठेल्यांवरचं खाणं एकाच टेबलावर येतं, दोघांच्या मध्ये ठेवून खाता येतं. गर्दी इथेही असते, लोरोंग बारू या ठेल्यांच्या गल्लीत संध्याकाळी अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून घ्यावं लागतं. पण बसलेल्याला कोणी उठवत नाही.

आणि खाणं? इथे माझं मत थोडं पक्षपाती आहे असं समजून वाचा. सिंगापूरचं चार क्वे टिओ, म्हणजे कढईत परतलेल्या तांदळाच्या चपट्या नूडल्स, गोडसर आणि काळपट असतं. पेनांगचं कोरडं, फिकट, कढईच्या धुरकट वासाचं. थोडे जास्त पैसे देऊन बदकाचं अंडं घाला. लक्सा मात्र दोन्हीकडे सर्वस्वी वेगळा आहे. सिंगापूरचा नारळाच्या दुधातला, पेनांगचा असम लक्सा चिंचेचा, आणि त्यात कुस्करलेला मासा म्हणजे बहुतेक वेळा चक्क आपला बांगडा. वर पुदिना, अननस, काकडी, आल्याच्या जातीच्या एका झाडाची कळी आणि चमचाभर काळी गोडसर कोलंबीची पेस्ट. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल. पण बांगड्याची आंबट-तिखट कढी खाऊन वाढलेला माणूस दुसऱ्या घोटाला सावरतो. सिंगापूरचा लक्सा रुचकर आहेच, पण अर्ध्या वाटीनंतर जड होतो.

पेनांगची खोड वेगळी आहे. ठेला उघडा असेलच याची खात्री नाही. कोणी सोमवारी बंद, कोणी गुरुवारी, कोणी माल संपला म्हणून दुपारीच आवरतो. बशा कुठे कशा धुतात हे निरखून बघू नये. फूटपाथवर मध्येच पायऱ्या, मध्येच उघडं गटार. आई-वडिलांना किंवा लहान मुलाला घेऊन निघालो असतो तर मी मुकाट्यानं सिंगापूरचं तिकीट काढलं असतं.

पैशाचं फार बोलत नाही, पेनांग स्वस्त आहे आणि जाणवण्याइतकं आहे. डिसेंबर 2023 पासून मलेशियानं भारतीयांना 30 दिवसांची व्हिसामाफी दिली आहे, मुदत चालू आहे ना एवढं निघण्याआधी बघून घ्या. सिंगापूरला व्हिसा लागतोच.

पेनांग ठरलंच तर समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टच्या मोहात पडू नका. चुलिया स्ट्रीट किंवा किंबर्ली स्ट्रीटच्या आसपास राहा, म्हणजे एक ठेला बंद निघाला तर चालत दुसरा गाठता येतो. आणि नासी कांदार दुपारी खा. भातावर चार-पाच रस्से एकत्र ओतून देतात, रात्री दोन ठिकाणी खाऊन झाल्यावर ते पेलत नाही.