विद्यार्थ्यांच्या प्रगतीची नोंद: विकतचं सॉफ्टवेअर की आपली गुगल शीट?

शहादा तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांनी विचारलं, "सर, कंपनीचा माणूस येऊन गेला. दर मुलामागं वर्षाचे पैसे सांगतोय. घेऊ का?" मी दोन्ही वापरलंय: आधीच्या शाळेत विकतचं, आता आम्हीच बांधलेली शीट.

एक आधीच सांगतो. सरल आणि यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलांवरची माहिती भरणं यातल्या कशानंही सुटणार नाही. ते काम वेगळं, ते राहणारच.

शाळा मोठी असेल, आठ-नऊशे मुलं आणि तुकड्याच तुकड्या, तर निकालाच्या दिवसांत विकतचं सॉफ्टवेअर खरंच हात हलका करतं. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाची बेरीज, अ-1 पासून इ-2 पर्यंतच्या श्रेणी, प्रगतिपत्रकाची छपाई, पालकांना निरोप, सगळं एका जागी होतं. शीटवर हेच करताना एखादं सूत्र बिघडलं की रात्र जाते.

पण मूल का मागं पडलं, हे कळायला हवं असेल तर मी शीटच्या बाजूनं आहे. आमच्या सहावीत गणितात काही मुलं सतत लाल रंगात दिसायची. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही पेपरचे एकूण गुण भरायचो, त्यामुळे त्याला तेवढंच माहीत होतं. उत्तरपत्रिका परत काढल्या आणि प्रत्येक प्रश्नाला एक रकाना दिला. आकडी वजाबाकी बहुतेकांना येत होती, अडत होतं ते शाब्दिक उदाहरणात. ही मुलं घरी अहिराणी बोलणारी, दोघं-तिघं पावरी. अहिराणीवाल्यांना तेच उदाहरण 'कितला उरनात?' असं तोंडी विचारलं की पटकन उत्तर यायचं. त्यांना वजाबाकीचा जादा तास लावला असता तर तो वायाच गेला असता. काही विकतच्या प्रणालींतही प्रश्नवार गुण भरता येतात. विक्रेत्याकडून ते पडद्यावर करूनच दाखवून घ्या.

यात कष्ट आहेत. 40 मुलं आणि 15 प्रश्न म्हणजे एका चाचणीला 600 नोंदी. म्हणून सगळ्या विषयांना हे करू नका. भाषा आणि गणित, घटक चाचणीपुरतं, पुरे.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं महिनोन् महिने वर्गात नसतात. शीटमध्ये सरासरीचं सूत्र रिकामा कप्पा सोडून देतं, तिथं 0 टाकला तर मात्र धरतं. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गैरहजर म्हणजे 0 होता. परत आलेली हुशार पोरगी आलेखात 'ढ' दिसायची, आणि नवे शिक्षक त्यावर विश्वास ठेवायचे. याचं मला अजून वाईट वाटतं.

धडगाव, अक्कलकुव्याकडच्या, जिथं रेंज मिळत नाही अशा शाळांनी विक्रेत्यासमोर मोबाईलचा डेटा बंद करून गुण भरून पाहावेत. गुगल शीटची फाइल आधी ऑफलाइन ठेवली की रेंज नसतानाही भरता येते, रेंज आली की आपोआप चढते.

शीटचा मोठा धोका म्हणजे ती एका शिक्षकाच्या खात्यात असते. त्याची बदली झाली की शाळेची कित्येक वर्षांची नोंद त्याच्याबरोबर जाते. शाळेच्या नावानं खातं काढा आणि 'लिंक असलेल्या कोणालाही' ही परवानगी बंद ठेवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. मुलांची माहिती बाहेरच्या कंपनीकडे जाणार असेल तर ती कुठं साठते आणि करार संपल्यावर पुसली जाते का, हे लेखी घ्या.

त्या सरांना मी सांगितलं: तुमची मुलं अडीचशे, सध्या घेऊ नका. पुढं घेतलंच तर करार एकाच वर्षाचा करा, आणि सगळे गुण एक्सेलमध्ये उतरवून घेता येतील ही अट त्यात घाला. तोवर पाचवी-सहावीचं गणित प्रश्नवार शीटवर सुरू करा. पहिली शीट मी पाठवतो.